मुगाच्या मापाची डबी

मी एक जुनी पितळी डबी आहे. सुपारीपेक्षा थोडी मोठी, लिंबापेक्षा थोडी लहान. माझं झाकण आता नीट लागत नाही, एका बाजूने चेपलं आहे, आणि माझ्या पोटात एक वाळलेला मूग आहे. कोणी मला हलवलं तर तो खुळखुळतो. मित्रांनो, डबीच्या जातीला बोलायची सवय नसते. झाकण लागलं की तोंड बंद, हाच आमचा धर्म. पण माझं झाकणच आता लागत नाही, तेव्हा बोलून टाकते.

मला घडवलं धुळ्याच्या एका तांबटाने. बाजारात लग्नसराईची घाई होती, आणि नवरीच्या रुखवतात ठेवायला कुंकवाच्या डब्या हव्या होत्या. ठोक ठोक करून त्याने माझं पोट खोलगट केलं, झाकणावर चार पानांची नक्षी काढली, चिंचेने घासून मला दुकानाच्या पुढच्या फळीवर बसवलं. माझ्याबरोबरच्या सगळ्या डब्या नवऱ्या मुलींच्या घरी गेल्या आणि जन्मभर कुंकू पोटात घेऊन लाल झाल्या. मीही वाट पाहत होते. पण मला उचललं ते ताईबाईने.

ताईबाई कोण, ते सांगायला हवं. पांझरेच्या काठी एका गल्लीच्या टोकाला तिचं दोन खोल्यांचं घर होतं. जन्मली पुरुषाच्या देहात आणि जगली बाई म्हणून. तिच्या घरात तिच्यासारख्याच चार-पाच जणी राहायच्या. त्या तिच्या चेल्या, ती त्यांची गुरू. गावाने त्यांना काय काय नावं ठेवली होती. ती मी इथे सांगणार नाही, तुम्ही ती ऐकलेलीच आहेत. कुणाच्या घरी मूल जन्मलं की यांना नाचायला आणि आशीर्वाद द्यायला बोलवायचे, आणि आशीर्वाद घेऊन झाला की दार लावून घ्यायचे. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

ताईबाईने माझ्यात कुंकू भरलं नाही. अफू भरली. तेव्हा आग्रा रोडवरून माळव्याचे ट्रक धुळ्यात यायचे, त्यातला लोटन ड्रायव्हर तिला बहीण मानायचा आणि काळी चिकट गोळी कागदात बांधून आणून द्यायचा. मला फार वाईट वाटलं. कुंकवासाठी घडवलेल्या डबीच्या नशिबी हे कडू, काळं. पण ताईबाई शहाणी होती. तिने गोळीसोबत एक मूगही माझ्यात टाकला. कुणाचं दुखणं असह्य झालं की ती मला उघडायची, तो मूग तळहातावर ठेवायची आणि त्याच्या शेजारी तेवढीच गोळी वळायची. तिच्या चेल्यांपैकी कुणी आपलं शरीर आपल्या मनासारखं करून घेतलं, ते अवघड ऑपरेशन झालं, की पहिले तीन दिवस माझं झाकण उघडायचं. चौथ्या दिवशी बंद. पुढे मग शेक, मिठाच्या कोमट पाण्यात बसणं, पंख्याचा वारा, आणि गाणी. जीव गेला तरी चौथा मूग मिळायचा नाही.

"मूगना इतलंच," ती म्हणायची. "जास्ती दिधं का ती दवाई ऱ्हास नही, धनी व्हई जास."

ताईबाई म्हातारपणाने गेली. जाताना तिने घर, ढोलकी आणि मला सुंदरबाईच्या हवाली केलं. सुंदरबाई तिची थोरली चेली. दांडगा देह, मोठा आवाज, भांडायला कायम पदर खोचलेला. पण आत लोण्याचा गोळा. गल्ली तिला अक्का म्हणायची. हिचं रागावणं सगळ्यांना ऐकू जायचं आणि रडणं फक्त मला. कारण रडताना ती कोनाड्याकडे तोंड करायची, आणि कोनाड्यात मी होते.

एक्क्याऐंशी साली तिच्या घरी प्रमिला होती. पाचोऱ्याची. स्टेशनाजवळच्या कापसाच्या गंजीमागे रडत बसली होती, तिथून सुंदरबाईने तिला उचलून आणलं होतं. सुंदरबाईची पहिली चेली, म्हणून पहिल्या लेकराची माया. प्रमिलाचं ऑपरेशन झालं आणि घरी येताच ती कण्हायला लागली. सुंदरबाईने मला उघडलं. पहिल्या दिवशी मूग काढून तळहातावर ठेवला. दुसऱ्या दिवशी ठेवला नाही.

शेजारची कमलबाई तिला म्हणालीसुद्धा, "अक्का, मूग लावी दख ना."

"लेकरूले इतलं दुखी ऱ्हायनं," सुंदरबाई खेकसली, "आनि मी मूग दखत बसू का?"

मित्रांनो, मायेच्या माणसाचा हात मोठा असतो, हेच तिचं चुकलं. चौथा दिवस गेला, दहावा गेला. जखम भरत आली होती तरी डबी उघडतच होती. प्रमिला आता दुखतं म्हणून मागत नव्हती, मागायचं म्हणून दुखत होतं. हात-पाय ओढायची, नाक गळायचं, जांभया द्यायची, लडिवाळ बोलायची, मग शिव्या द्यायची. चाळिसाव्या दिवशी घराच्या रीतीप्रमाणे हळद लागली, हिरव्या बांगड्या भरल्या, नवं लुगडं नेसवलं. गल्लीला वाटलं प्रमिला बरी झाली. मला ठाऊक होतं, ती आता माझी झाली आहे. ही गोष्ट सांगताना आजही माझी मला लाज वाटते. पुढे तिने घरातली ढोलकी विकली, ताईबाईची चांदीची साखळी विकली, आणि सुंदरबाईने एकदाच हात उगारला तशी भुसावळला निघून गेली. तिथे फलाटावर झोपते, गाड्यांत टाळ्या वाजवते आणि मिळेल ते गिळते, असं येणारे-जाणारे सांगायचे.

सुंदरबाईने त्या दिवशी माझ्यातली उरलेली अफू पांझरेत फेकली. चिंच आणि राख घेऊन मला इतकं घासलं की चार पानांची नक्षी पुसट झाली. मूग मात्र परत आत टाकला. गुरूचा मूग फेकायचा कसा? मग तिने देवीच्या तसबिरीपुढे शपथ घेतली, की या घरात पुन्हा अफूचा कण येणार नाही. पुढे चार वर्षांनी सरकारनेही कडक कायदा केला, लोटन ड्रायव्हरने ते काम सोडलं. मी रिकामी राहिले. खरं सांगते, मला बरं वाटलं.

अठ्ठ्याऐंशी साली कुंदा आली.

ती रावेरकडची. केळीच्या बागा असलेल्या शेतकरी घरातली. तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून ही जन्मल्यावर आईने तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, आणि मग उचलून घरात आणलं. मरणाला वाटावं, हे टाकून दिलेलं पोर आहे, याला कशाला न्यायचं. नावही तसंच ठेवलं, उखर्डू. आपल्याकडे असे उखर्डू घरोघर सापडतील. मरणाने खरंच तिच्याकडे पाहिलं नाही. पण पोर मोठं झालं, आईचं लुगडं नेसून केळीच्या बागेत पाणी द्यायला लागलं, तेव्हा घरच्यांनी पुन्हा एकदा टाकून दिलं. या खेपेला उचलून न्यायला कोणी आलं नाही.

कुंदा हे नाव तिने स्वतः निवडलं. हडकुळी, हसरी, कामाला वाघ. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने कोनाडा पुसला आणि मला उचलून कानाशी खुळखुळवलं.

"अक्का, एवढी सुंदर डबी, न् रिकामी कायले ठेवली वं?"

सुंदरबाईने तिला सगळं सांगितलं. ताईबाईचं, मुगाचं, प्रमिलाचं. सांगताना तिचा मोठा आवाज बारीक झाला. कुंदाने मला पदराने पुसलं. मग म्हणाली, "मह्या येळेले हिच्यात कुंकू भरू. चाळिसाव्या दिवशी मले ह्याच डबीतलं कुंकू लाव."

सुंदरबाई हसली आणि हो म्हणाली. मित्रांनो, तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला. तीस-पस्तीस वर्षांनी कोणीतरी मला सांगत होतं की तू ज्याच्यासाठी घडलीस ते तुला मिळणार आहे. मी चाळिसाव्या दिवसाची वाट पाहू लागले. कुंदाचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, आणि मी मात्र मनाने लाल होऊन बसले होते.

फाल्गुन संपता संपता ऑपरेशन झालं. असली ऑपरेशनं तेव्हा लपूनछपूनच व्हायची. एक डॉक्टर होते, नाव सांगत नाही, भले माणूस. चार दिवस त्यांनी तिला आपल्या छोट्या दवाखान्यात ठेवलं, दुखण्यावर दोनदा सुई दिली. घरी पाठवताना सुंदरबाईला समोर बसवून नीट सांगितलं. साध्या पांढऱ्या गोळ्या सहा-सहा तासांनी द्या. कोमट पाण्याचा शेक कमरेला, जखमेला नाही. पट्टी तिसऱ्या दिवशी बदलायला आणा. आणि एका वेगळ्या पुडीत त्यांनी आठ गोळ्या दिल्या.

"या दिवसाला दोन, चारच दिवस," ते म्हणाले. "अफूच्याच कुळातल्या आहेत, म्हणून मोजून दिल्यात. आठ संपल्या की आणखी मागायच्या नाहीत. पण या द्या मात्र. अंगाला विसावा मिळाला तर जखम भरते."

सुंदरबाईच्या कानात एकच शब्द शिरला. अफू. पुढचं तिने ऐकलंच नाही.

घरी आल्यावर तिने कुंदाला आतल्या खोलीत गादीवर निजवलं आणि पुडी हातात घेऊन कोनाड्यापुढे उभी राहिली. फेकावी, तर डॉक्टरने दिलेलं औषध. द्यावी, तर समोर देवीची तसबीर. शेवटी तिने मला उघडलं, पुडी आत कोंबली, झाकण लावलं, आणि निखाऱ्यावर लाख वितळवून माझी फट सगळ्या बाजूंनी बंद करून टाकली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. हिने तर ताकाचं मडकंच लिंपून टाकलं.

पण तिला निर्दय म्हणू नका. त्या बाईने कुंदासाठी काय केलं नाही? उन्हाळा तापायला लागला होता, तर खिडकीला ओलं गोणपाट बांधलं. तासन् तास पंख्याने वारा घातला, कारण वीज जायची. पाणी कोमट करून रबरी पिशवी भरायची, कमरेखाली उशी द्यायची, पाय चेपायचे, साध्या गोळ्या घड्याळ पाहून द्यायच्या. कुंदाला गाणी ऐकायची, तर त्या घोगऱ्या गळ्याने जात्यावरच्या ओव्या म्हणायची. आणि पहिले दोन दिवस ते पुरलंही. दुखत होतं, पण सोसवत होतं. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी कुंदा दोन्ही हात पोटावर ठेवून पडल्या पडल्या हसली.

"अक्का, दुखते लय. पण आता मी माही झाले वं."

सुंदरबाईने लगेच कोनाड्याकडे तोंड केलं. मी पाहिलं, ती आनंदाने रडत होती.

तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायला न्यायचं होतं. पण ताईबाईच्या वेळेपासून घराची रीत अशी, की ऑपरेशन झालेलीने चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नाही, आरसा पाहायचा नाही. ताईबाईच्या वेळी पट्टी घरीच बदलायचे, तेव्हा ते चालून जायचं. घरी येऊन पट्टी बदला, असा निरोप द्यायला सुंदरबाई डॉक्टरांकडे गेली, तर ते लग्नाला बाहेरगावी गेले होते, चार दिवसांनी येणार होते. कंपाउंडर म्हणाला, रक्त नाही ना, मग थांबा. ती थांबली.

त्याच दिवसापासून कुंदाचं दुखणं वाढायला लागलं. नीट ऐका मित्रांनो, इथेच सगळं आहे. दुखणं रोज थोडं उतरायला हवं होतं, ते चढत होतं. साधी गोळी दिली की दोन-तीन तास अंग थंड पडायचं, मग पुन्हा तापायचं. सुंदरबाई कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, ऊन किती आहे, सगळ्यांचंच अंग तापतंय. कुंदा आधी कण्हत होती, मग ओरडू लागली. सुंदरबाईला सात वर्षांपूर्वीची खोली आठवली. तीच गादी, तोच आवाज. प्रमिलाही अशाच दिवसांत जास्त मागायला लागली होती. डॉक्टरांनी दिलेल्या दोन सुयांनीच हिला चटक लावली, असं तिच्या मनाने घेतलं.

"अक्का, मले सोसवत नही वं. त्या गोळ्या हायेत ना, एक दे."

"दम धर, बेटा. हाई दुखनं नही. हाई तलफ शे. आठ दिन दात खाई धर, निंघी जाई."

"तलफ नही अक्का. आत काहीतरी ठणकते."

"प्रमिलाबी असंच सांगे."

मी कोनाड्यात, लाखेच्या आत. आठच्या आठ गोळ्या माझ्या पोटात. चार हातांवर ती तळमळत होती आणि मी मूग गिळून बसले होते. डबीच्या जन्माला यापेक्षा वाईट काय यावं? अफू पोटात घेऊन मी एकीला बुडवलं, आणि आता औषध पोटात घेऊन दुसरीला पाहत होते.

घरी आल्याच्या पाचव्या दिवशी, ऐन दुपारी, दारात प्रमिला उभी राहिली.

तिला ओळखायला मला वेळ लागला. केस गळालेले, डोळे खोल, पायात दोन वेगवेगळ्या चपला. कुंदाचं ऑपरेशन झालं असं तिला भुसावळच्या फलाटावर कुणी सांगितलं होतं, म्हणून आपली धाकटी बहीण पाहायला आली होती. हातात सहा केळ्यांची फणी होती. सुंदरबाईने तिला दारातच अडवलं. तेवढ्यात आतून कुंदाचं ओरडणं आलं. प्रमिलाने केळी पायरीवर ठेवली. मान तिरकी करून ऐकत राहिली.

"अक्का," ती म्हणाली, "हाई तलफनं रडनं नही."

"तुले काय समजस?"

"मालेच समजस. तलफनं रडनं कसं ऱ्हास ते माले सोडीसन कोनले माहीत शे? तलफवाली मानूसकडे दखीसन रडस. देस का नही, ते दखस. हाई भिंतकडे दखीसन रडी ऱ्हायनी. पट्टी सोड अक्का. जखम दख."

ती खरं बोलत होती. त्या घरात त्या घडीला खरं बोलणारी ती एकटीच होती. पण अफीमचीचं खरं कोण ऐकतो?

"तू कसाले उनी ते माले बराबर समजस," सुंदरबाई ओरडली. "पट्टीनं नाव, न् डबीवर डोया. नीघ आठून."

प्रमिला निघाली नाही. दाराबाहेरच्या पायरीवर उन्हात बसली. तिने कोनाड्याकडे एकदाही पाहिलं नाही, मी लक्ष ठेवून होते. संध्याकाळपर्यंत दर थोड्या वेळाने ती एवढंच म्हणत राहिली, "अक्का, पट्टी सोडी दख." गल्लीतली पोरं तिला हसली. केळी पायरीवर काळी पडली.

सहाव्या दिवशी सकाळी खोलीत वास यायला लागला. तेव्हा सुंदरबाईने पट्टी सोडली. पुढचं मी तुम्हाला सांगणार नाही. एवढंच सांगते, की तिचा तो मोठा आवाज त्या दिवशी निघालाच नाही.

रिक्षात कुंदाला घालताना एका बाजूने सुंदरबाईने धरलं, दुसऱ्या बाजूने प्रमिलाने. दवाखान्याच्या कागदांबरोबर मलाही पिशवीत टाकलं, डॉक्टर औषधाचं विचारतील म्हणून. डॉक्टर ठरल्यापेक्षा लवकर, आदल्या दिवशीच परतले होते. त्यांनी पाहिलं आणि खुर्चीत बसून घेतलं.

"आठ गोळ्या दिल्या होत्या. दिल्यात का?"

सुंदरबाईने मला त्यांच्या टेबलावर ठेवलं. लाखेसकट. डॉक्टरांनी मला फिरवून पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते हळू आवाजात बोलले.

"सुंदरबाई, या दिल्या असत्या आणि तरीही दुखणं वाढलं असतं, तर तुम्हाला तिसऱ्याच दिवशी कळलं असतं, की हे दुखणं औषधाला ऐकत नाही, आत काहीतरी बिघडलंय. मोजून द्यायचं ते यासाठीही असतं." मग स्वतःशीच म्हणाले, "मीही त्या लग्नाला जायला नको होतं."

त्यांनी चिठ्ठी लिहून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे आधी वाद झाला, हिला बायकांच्या वॉर्डात ठेवायचं की पुरुषांच्या. तो मिटेपर्यंत कुंदा व्हरांड्यातल्या फरशीवर पडून होती. मग व्हरांड्यातच खाट मिळाली आणि सलाईन लागलं. तिथल्या डॉक्टरांनी हात जोडल्यासारखं केलं. विष रक्तात गेलं होतं, फार उशीर झाला होता. कुंदा ओरडायचीही थांबली होती, नुसते ओठ चावत होती. सुंदरबाई म्हणाली, निदान दुखणं तरी थांबवा. नर्स म्हणाली, जोराचं इंजेक्शन कुलपात असतं बाई, नवीन कायदा आहे, सही करणारे साहेब परवा येतील.

सुंदरबाई खाटेपासून उठली. मग पिशवीतून मला काढलं आणि व्हरांड्याच्या दगडी पायरीवर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. लाख फुटली. माझं झाकण चेपलं ते तेव्हा. गोळ्या आणि मूग फरशीवर सांडले. प्रमिलाने ते वेचले. सगळे, एकूण एक, आणि आठच्या आठ गोळ्या सुंदरबाईच्या हातात दिल्या.

दोन गोळ्या कुटून पाण्यातून दिल्या. चार तासांनी आणखी एक. दुपार कलताना कुंदाचे चावलेले ओठ सैल झाले. पाच-सहा दिवसांत पहिल्यांदा तिचं कपाळ मोकळं दिसलं. एवढ्यानेच होणार होतं ते, मित्रांनो. एवढंच हवं होतं.

तिने डोळे उघडले.

"अक्का, चाळीस दिस झाले का वं?"

सुंदरबाईने प्रमिलाकडे पाहिलं. मग म्हणाली, "व्हयनात, बेटा. आज चाळीसावा."

"मंग कुंकू?"

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून डबा घेऊन बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. काही न विचारता तिने आपल्या पिशवीतली कुंकवाची पुडी काढून पुढे केली. सुंदरबाईने मला पदराने आतून पुसलं, पुडी माझ्यात रिकामी केली, आणि माझ्यातलं कुंकू बोटावर घेऊन कुंदाच्या कपाळाला लावलं. कुंदाने आरसा मागितला. तो नव्हता. तेव्हा प्रमिलाने माझं चेपलेलं झाकण पदराने घासून तिच्यापुढे धरलं. त्यात काय दिसलं असेल, कुणास ठाऊक. ती पाहत राहिली. दिवेलागणीच्या आधी गेली.

सुंदरबाई पुढे कितीतरी वर्षं म्हणायची, की उखर्डू नाव होतं तोवर मरणाला सापडली नव्हती, मी नाव बदलू दिलं म्हणून सापडली. तसं नाही हो. मरणाला नावाशी काय करायचं? जखम पिकली होती आणि कोणी पाहिली नव्हती. पण हे तिला कोण सांगणार? मी डबी.

घरी परतल्यावर प्रमिला पायरीवरच बसली.  मग तिने हात पुढे केला. तोंड दुसरीकडे वळवून म्हणाली, "अक्का, पाच गोया उरन्यात ना?" सुंदरबाई तिला ओरडली नाही. तिने मूग काढला, तळहातावर ठेवला, त्याच्या शेजारी एक गोळी ठेवली आणि हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी एक. जन्मात पहिल्यांदा ती मोजून देत होती. पाच दिवस प्रमिला येत राहिली, जेवत राहिली, एकदा तर तिने अंगणही झाडलं. सहाव्या दिवशी ती आली नाही. त्यानंतर तिची खबर नाही. भुसावळच्या फलाटावरही ती नाही, असं सांगतात.

आता सुंदरबाई एकटी आहे. गुडघे धरले आहेत, कंबर वाकली आहे. कमलबाई अधूनमधून मलम आणून देते, ते फडताळात तसंच पडून असतं. दुखलं की सुंदरबाई भिंतीकडे तोंड करते आणि कण्हत राहते. औषध घे म्हटलं तर म्हणते, कुंदाने घेतलं होतं का? कुंकू केव्हाच उडून गेलं. माझ्या पितळेवर हिरवा गंज चढला आहे. रोज संध्याकाळी ती मला उचलते, खुळखुळवते, मूग आहे ना एवढं पाहते, आणि परत ठेवते.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुमच्या घरी कुणी कण्हत असेल तर माझ्यासारखी डबी उघडी टाकू नका, आणि लाखेने बंदही करू नका. मूग लावा आणि द्या. आणि कुणी म्हणालं, 'मले सोसवत नही', तर तिच्या आधी कुणी कसं रडलं होतं, ते आठवत बसू नका. आधी पट्टी सोडा. जखम पाहा.